आळीचा आराखडा कोणी करावा?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की रत्नागिरीत कोणत्या वळणावर पाणी तुंबणार, कोणत्या घाटीवरून चिखलाचा लोट खाली येणार आणि कोणत्या मोरीचे तोंड पालापाचोळ्याने बुजणार, हे त्या त्या आळीतील कोणाही वृद्ध गृहिणीला विचारावे. ती बसल्या जागी सांगेल. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आणि सड्यापासून समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या या शहरात पाण्याची वाट हाच वस्तीचा खरा नकाशा होय. परंतु गटारांचे आणि रस्त्यांचे आराखडे तयार होतात ते बहुधा कोरड्या दिवसांत, कचेरीतील मेजावर. आणि जिला सर्व ठाऊक आहे तिला विचारण्याचे कोणास सुचत नाही.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. रत्नागिरी नगरपरिषदेच्या २०१६ साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२५ च्या डिसेंबरात मतदान झाले आणि नगरवासीयांना आपले प्रतिनिधी पुन्हा लाभले. या पुनरारंभाचे आम्ही स्वागत करतो. परंतु बोटाला शाई लावली की नागरिकाचे कर्तव्य संपले आणि निवडून आलो की विचारण्याची गरज सरली, असा उभयपक्षी समज झाला, तर प्रशासकाचा कारभार आणि लोकनियुक्त कारभार यांत फरक तो काय राहिला?

कायद्याकडे पाहावे, तर त्याने नागरिकास अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. पण बोलावले आहे ते उशिरा किंवा दुरून. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार दिला, परंतु तो प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्या तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीची वस्ती सुमारे ७६ हजार. म्हणजे आपण त्या उंबरठ्याबाहेरच. २००९ साली राज्याने नागरी संस्थांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. ती राज्यभर बव्हंशी कागदावरच राहिली. गावाला ग्रामसभा आहे. शहरातील आळीला मात्र आपले म्हणणे मांडण्यास ओटा नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सामान्य माणसाला स्थापत्यशास्त्र काय कळते? प्रत्येक जण आपल्याच दारापुढचा रस्ता मागेल आणि सभेचा बाजार होईल. नळाचा व्यास किती असावा हे अभियंत्यानेच ठरवावे, याविषयी दुमत नाही. परंतु पऱ्या कोठून वाहतो, कोणता गडगा बांधल्यापासून त्याचे पाणी घरात शिरू लागले, हे रहिवासीच सांगू शकतो. राहता राहिला भांडणाचा प्रश्न. ज्या शहरात शिमग्याला बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते आणि तिचा मार्ग, मुक्काम नि वेळ मानकरी व ग्रामस्थ एकत्र बसून ठरवितात, त्या शहरातील लोकांना एका गटाराची दिशा ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटत नाही. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांनी सुचविलेल्या कामांना अंदाजपत्रकात स्थान देण्याचा प्रयोग सुरू केला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे नगरीने तर तो १९८९ पासूनच केला. प्रयोगांत उणिवा राहिल्या असतील, पण आकाश कोसळले नाही.

मात्र आणखी एक भय आहे, आणि ते आमच्याच वर्गाविषयी आहे. अशा सभेत ज्यांना बोलता येते तेच बोलतात. बंगल्यापुढील पदपथाची मागणी मोठ्या आवाजात होते. मिरकरवाड्यातील मासळी विकणारी, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार आणि पहाटे गटार उपसणारा सफाई कर्मचारी गप्प राहतात. ज्याला त्या रस्त्याचा उपद्रव सर्वाधिक, त्याचे प्रथम ऐकावे, ही शिस्त सभेने स्वतःस लावून घेतली पाहिजे. आणि घरी बसून नगरपालिकेस दूषणे देणाऱ्या सुशिक्षितांनी तेवढ्याकरिता दोन तास मोडले पाहिजेत.

आमची मागणी मोठी नाही. कोणत्याही कामाची निविदा निघण्यापूर्वी नगरसेवकाने आळीची सभा घ्यावी. अभियंत्याने ऐन पावसात एकदा रहिवाशांसह तो रस्ता पायी तुडवावा. कामाचा खर्च, मुदत आणि कंत्राटदाराचे नाव मराठीत जागेवर लावावे. जी सूचना नाकारली, तिचे कारण लेखी द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला मंत्रालयाच्या परवानगीची वा मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती केवळ इच्छेची.

रस्ता खोदल्यावर विचारणे हा उपचार झाला. खोदण्यापूर्वी विचारणे हाच कारभार होय. नव्या मंडळाने येत्या पावसाळ्याआधी एका तरी आळीत हा प्रयोग करून दाखवावा.