जीर्णोद्धार कीं अंगच्छेद ?

जुन्या मोटारगाड्यांच्या शौकिनांत एक चमत्कारिक विद्या बोकाळली आहे. गाडीचा पत्रा आरशासारखा चकाकूं लागतो, बैठकींवर नवें कातडें चढतें, आणि हीटर तेवढा अडगळ म्हणून भंगारांत जातो. एवढें करून मालक छाती पुढें काढून सांगतो, 'आम्हीं गाडीचा जीर्णोद्धार केला !' या शब्दासच आमची हरकत आहे. मोटार हा वाङ्मयाचा विषय नसेल. शब्दाचा प्रामाणिकपणा खचित आहे.

उदाहरणादाखल जर्मनीची फोक्सवागन बीटल घेऊं. २००३ सालीं मेक्सिकोंत तिची शेवटची गाडी निघाली, तोंवर दोन कोटींहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. हिचें इंजिन मागें, आणि तें पाण्यानें नव्हे तर वाऱ्यानें थंड होणारें. इतर गाड्यांत इंजिनाचें गरम पाणी हीटरला ऊब पुरवितें. येथें पाणीच नाहीं. पूर्वीं इंजिनावरून फिरून आलेलाच वारा आंत येई, आणि त्यासवें तेलाचा वास. १९६३ च्या सुमारास ही रचना सुधारली. पंख्याचा कांहीं वारा धूरनळीभोंवतालच्या दोन पेट्यांत सोडूं लागले. धूर आंतल्या नळींतून जातो. वारा तिच्या बाहेरील पात्यांवरून फिरून तापतो, आणि दारांखालच्या पोकळ उंबऱ्यांतून प्रवाशांच्या पायांशीं व समोरच्या कांचेशीं पोंचतो.

आतां मौज पहा. हे उंबरे केवळ वाऱ्याची वाट नव्हेत. गाडीच्या अंगाचा ताठरपणा बराचसा त्यांवरच अवलंबून असतो. गंजाचें माहेरहि बहुधा हेंच. ज्यास हीटरची पर्वा नाहीं तो उंबऱ्यावर पत्र्याचें ठिगळ डकवितो, वरून रंगाचा हात फिरवितो, कीं झालें ! ज्यास हीटर पुन्हां चालवावयाचा आहे त्यास मात्र उंबरा उघडून आंतील वाट निर्दोष करावीच लागते. तात्पर्य, हीटर ही चैन नसून कारागिराच्या सचोटीची कसोटी आहे.

प्रतिपक्ष म्हणतो, 'आमच्या उबदार हवेंत हीटर कशाला ?' पण श्वासाचें धुकें पावसांतहि कांचेवर धरतें. रस्ताच दिसेनासा झाल्यावर चकाकणारा पत्रा काय कामाचा ?

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. पेटींतील नळी गंजून फुटली तर धुरांतील कार्बन मोनॉक्साइड उबेबरोबर गाडींत शिरतो. या विषारी वायूस ना रंग, ना वास. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं, पेट्या कसून तपासाव्या व गंजलेल्या बदलाव्या. छप्पर गळतें म्हणून बिनछपराचें घर बांधणारा शहाणा आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. कित्येक जण बदलतात, पण आंत पुरेशीं पातीं नसलेल्या स्वस्त पेट्या बसवितात. आणि ऊब येईनाशी झाली म्हणजे मूळ रचनेसच नांवें ठेवितात! कांहीं वीर तर पेट्या काढून पंख्याच्या घराचीं तोंडें उघडींच ठेवितात. मग इंजिन थंड राखणारा वारा फुकट जातो.

राहिला खर्च. तो झेपत नसेल तर थांबावें. त्यांत लाज नाहीं. हीटर काढावयाचाच असेल तर तोहि खुशाल काढावा. गाडी ज्याची त्याची. मात्र प्रदर्शनांत व विकतेवेळीं 'हीटर काढलेली गाडी' असें स्पष्ट लिहावें, जीर्णोद्धाराचें नांव घेऊं नये. कारण पुढच्या मालकाचीं मुलें हिंवाळ्याच्या रात्रीं मागल्या बैठकीवर कुडकुडतील, तेव्हां तुमचा चकचकीत रंग त्यांस पांघरावयास मिळणार नाहीं.