आधी नळाची वेळ सांगा

दिवाळी जवळ आली, की रविवारच्या पुरवण्यांमध्ये एक लेख ठरलेला असतो: धावपळीच्या आयुष्यात घर नीटनेटकं कसं ठेवाल? दहा युक्त्या आणि सोबत पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराचा फोटो. ओट्यावर एक लिंबू, काचेच्या बरणीत पास्ता, खिडकीत तुळस. ते घर कुणाचं असतं देव जाणे. सोलापुरातलं नसतं, एवढं मी शपथेवर सांगते. कारण त्या फोटोत एकही पिंप नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. घरातला बराचसा पसारा घरात जन्मत नाही. शहराचं वेळापत्रक कोलमडतं, कचेरीची वेळ लांबते, शाळा आदल्या रात्री नवा फतवा काढते, आणि हे सगळं आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन पडतं. आत एक बाई उभी असते. ती ते निस्तरते. निस्तरता निस्तरता ती दमली, की तिलाच ऐकवलं जातं, “बाई, तुझं नियोजन कच्चं आहे.” हा शुद्ध निर्लज्जपणा आहे, आणि तो गोड आवाजात केला म्हणून त्याचा सल्ला होत नाही.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड येतं. कुठे मोठी पाइपलाइन फुटली किंवा पंपाची वीज गेली, की सगळं रोटेशन एक दिवस पुढे ढकलल्याची दोन ओळींची बातमी येते. त्या दोन ओळींनी लाखो घरांचा आठवडा विस्कटतो. इथे डोहाळजेवण, दाताची अपॉइंटमेंट, माहेरी जाणं, सगळं पाण्याचा दिवस बघून ठरतं. पंचांग नंतर.

पाण्याच्या रात्री घर कसं चालतं ते एकदा बघून जा. वेळ ‘रात्री’ एवढीच ठाऊक असते. त्यात अकराही बसतात आणि अडीचही. समोरच्या घरातून हाक येते, “काकू, पाणी आलंय की वो!” उठायचं. सुरुवातीचं पाणी गढूळ, ते फेकायचं नाही, संडासाच्या बादल्यांत धरायचं. निवळलं की आधी पिण्याचं: तांब्याची घागर, स्टीलची पिंपं, तोंडाला दुहेरी फडकं. मग हौदात पाइप सोडायचा. हौद भरेपर्यंत चादरी धुऊन घ्यायच्या, कारण सोलापुरी चादर धुवायची तर पाणी वाहतं असताना, साठवणीतलं तिला परवडत नाही. हौद भरला की मोटार लावून गच्चीवरची टाकी. टाकी वाहू लागली तर खालून ओरडा, म्हणून जिन्यात उभं राहून कान देऊन ऐकायचं. प्रेशर उतरलं की उरलेल्या बादल्या, टोप, शेवटी कुकरसुद्धा. नळाने हवा सोडली की मोटार बंद, फरशी पुसायची, आणि आडवं व्हायचं. सहाला डबे.

कोणतं पाणी कशाला, आधी काय, नंतर काय, साठा किती, तो किती दिवस पुरवायचा, हे सगळं अर्ध्या झोपेत, कागदाशिवाय. हेच कारखान्यात करणाऱ्याला मॅनेजर म्हणतात आणि गाडी देतात. घरात करणारीला नियोजनाचं व्याख्यान देतात.

पुन्हा सकाळी गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा फिरते. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी ओतून टाका, भांडी घासून पुसून वाळवा. शास्त्र अगदी बरोबर आहे. डेंगीचा एडिस डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण ज्या शहरात पाणी पाच दिवसांनी येतं, तिथे हौद ओतायचा कधी? पाणी आल्यावर ओतावा तर भरायचा कशाने? साठवलं नाही तर तहान, साठवलं तर ताप. ही गाठ शहराच्या पाणीपुरवठ्याने मारलेली, आणि सोडवायची मात्र गृहिणीने, तीही घासणी घेऊन.

पाणीच नाही म्हणून हे चाललंय, असंही समजू नका. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातला निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. ठीक, दुष्काळाला कोण काय करणार! पण धरण काठोकाठ भरतं त्या वर्षीही आमच्या रात्री पालटत नाहीत. शहराला पाणी येतं ते उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीने, हिप्परग्याच्या एकरूख तलावातून, आणि भीमेवरच्या टाकळीहून. टाकळीसाठी धरणातलं पाणी नदीत सोडायचं, आणि ते वाटेत मुरत, आटत, उपसलं जात पोचेल तेवढं आपलं म्हणायचं. एकरूख तलाव इंग्रजांनी 1871 साली बांधून पुरा केला. आणि त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला. ज्या गावाच्या ग्रामदैवताने लोकांची तहान हे देवाचं काम मानलं, ते गाव 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत नववं आलं. अभिनंदन. नववा क्रमांक हौदावर चिकटवून ठेवला असता, पण तिथे ओल असते.

आता सल्ल्याच्या बाजाराकडे वळू. जपानच्या मारी कोंडो बाईंनी ज्या वस्तूने मनाला आनंद होत नाही ती घराबाहेर काढा म्हणून जगाला वेड लावलं. नेटफ्लिक्सने 2019 मध्ये त्यांचा कार्यक्रम केला आणि आमच्या भिशीतल्या तिघींनी साड्यांच्या उभ्या घड्या घातल्या. निळ्या दोनशे लिटरच्या पिंपाकडे बघून कुणाला आनंद होतो? मला तर रागच येतो. काढू बाहेर? पुढे 2023 मध्ये कोंडोबाईंनीच सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर घर पूर्वीसारखं आवरलेलं ठेवण्याचा नाद आपण जवळपास सोडलाय. मला त्या बाईबद्दल एकदम आपुलकी वाटली. पण हे सत्य पुस्तकांच्या खपाआधी सांगितलं असतं, तर किती जणींची झोप वाचली असती!

आमच्या इथल्या एका मंडळानेही ‘वेळेचं सोनं करा’ म्हणून कार्यशाळा ठेवली होती. पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, पहाटे पाचला उठा आणि पहिला एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा. मागून एकीने विचारलं, “मॅडम, आमच्यात साडेचारला झोपतेत वो पाण्याच्या दिवशी. उठायचं किती वाजता?” हॉल हसला. मॅडमही हसल्या आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

नियोजन म्हणजे काय ते सोलापूरच्या बाईला कुणी शिकवायची गरज नाही. कडक भाकरी बघा. ज्वारीची, बाजरीची, पापडासारखी पातळ थापून वाळवलेली, महिनाभर टिकणारी. सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी, जिला ना फ्रिज लागतो ना गॅस. शेताचे दिवस, पाहुणे, आजारपण, प्रवास, काही येवो, डब्यात जेवण तयार. आज ती भाकरी पाकिटात घालून परगावी विकली जाते. जिने ती शोधली तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. ती व्याख्यान द्यायला गेली नाही ना!

आणि आमचं तरी काय, पक्कं घर आणि महिन्याचा पगार असलेल्यांचं? शहराच्या पूर्व भागात जा. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात स्वयंपाकघर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो ते दाखवा. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं भिंतीला टेकलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपायचं, सुताने बांधायचं. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे डाळीला फोडणी द्यायला उठलं तरी हिशेब मागे पडतो. घरी बसून विडी करणारीला कामगार मानणारा कायदा 1966 साली झाला. पण कायद्याने कामगार झाली म्हणून घरात वेगळी खोली उगवली नाही. ‘काम आणि घर यांत सीमारेषा आखा’ असं लिहिणाऱ्यांनी ती रेषा तंबाखूच्या सुपावरून न्यायची की पाळण्याखालून, ते येऊन आखून द्यावं.

कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला आणि 19 जानेवारी 2024 ला पहिल्या 15 हजार घरांचं हस्तांतरण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. मी त्याची टवाळी करणार नाही. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दारात आलेल्या बाईला तिचं नीट मांडलेलं फडताळ कुणी शिकवलेलं नसतं. जागा मिळाली, की बाई आपोआप मांडते. मुद्दा हाच तर आहे.

‘मग बाई ठेवा की!’ हा आणखी एक शहाणपणाचा सल्ला. ठेवली. धुणंभांडी करणारी मावशी दुसऱ्या पेठेत राहते, तिचा पाण्याचा दिवस आमच्यापेक्षा वेगळा. तिच्याकडे पाणी आलं की ती येत नाही. मग आमच्याकडे फोन फिरतात, ‘या बायकांना जबाबदारीच नाही.’ तिने काय स्वतःची पिंपं रिकामी ठेवून आमची भांडी घासावीत? म्हणजे गोंधळ कमी झाला नाही. आम्ही तो पैसे देऊन खालच्या घरात ढकलला आणि वरून तिलाच बेशिस्त म्हणून मोकळे झालो.

नळाला, शहराला, सरकारला बोलून झालं. आता घरातल्या पुरुषांकडे येते, जे एव्हाना ‘बरोबर बोलली’ म्हणून माना डोलावत असतील. केंद्र सरकारची 2024 ची वेळ-वापर पाहणी सांगते, की स्वतःच्या घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. आणि हे 88 सुद्धा फक्त त्यांचे, जे घरकामाला मुळात हात लावतात. बाकीचे हिशेबातच नाहीत.

आमच्या घरातला पुरुष वाईट नाही. तो म्हणतो, “सांग ना, करतो की.” इथेच मेख आहे. सिलिंडर कधी लावला, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी किती उरली, शनिवारी पीटीचा पांढरा गणवेश लागतो आणि शुक्रवारी पाणी नाही, हे आठवायचं मी. सांगायचं मी. झालं का म्हणून विचारायचं मी. विचारलं की कटकट करणारी मीच. पाण्याच्या रात्री तो उठतोही, मोटार लावतो, आणि सकाळी चहा पिताना शेजाऱ्याला सांगतो, “रात्री झोप नाही हो, पाणी भरत होतो.” चादरी कुणी धुतल्या ते त्या गोष्टीत नसतं. क्रिकेटच्या मालिकेचं अख्खं वेळापत्रक, सामने कुठे आणि किती वाजता, याला तोंडपाठ. नळाचं का नाही होत?

जुन्या बायका म्हणतील, आम्ही नाही का केलं? केलंत. गिरण्यांच्या काळात भोंग्यावर गावाची घड्याळं लागत होती. पाळी कधी सुरू, कधी सुटणार, हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं. आणि घरात चार बायका होत्या, ज्यांतल्या तिघींचं कुणी नावही घेत नव्हतं. त्यांच्या कष्टाची वाहवा करून आज एकटीच्या डोक्यावर चौघींचं काम ठेवायचं, याला परंपरा म्हणू नका.

मला युक्त्या नकोत. मला तीन गोष्टी हव्यात. पाणी रोज द्या. ते जमेपर्यंत ‘रात्री’ असं न सांगता तास सांगा, आणि सांगितलेला तास पाळा. चावीवाल्याला व्हॉल्व्ह कधी सोडायचा ते माहीत असतं, तर ते माझ्या फोनवर यायला काय अडचण आहे? आणि घरातल्या पुरुषांनो, ‘सांग ना’ बंद करा. एक अख्खं खातं उचला. पाणी म्हणजे पाणी: दिवस लक्षात ठेवण्यापासून फडकं धुऊन वाळत घालण्यापर्यंत. चुकलं तर घर तुमच्या नावाने ओरडेल, आमच्या नव्हे.

एवढं झालं की मग मला कुठल्याही कार्यशाळेला बोलवा, मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसते. नाही झालं तरी बोलवा. फक्त आमच्याकडे पाणी नसेल असा दिवस धरा. फार शोधावं लागणार नाही, आठवड्यातले पाच तरी तसलेच असतात.