पगाराविना लिहिलेली पुस्तके

"हल्ली मराठीत वाचण्यासारखे काही येतच नाही," हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याची सत्यता तपासण्याची गरज कुणाला भासत नाही. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर ते ऐकू येते, साखरपुड्याच्या पंगतीत ऐकू येते, शिक्षक-पालकांच्या बैठकीत तर हमखास. असे म्हणणाऱ्याला एवढेच विचारून पाहावे की, गेल्या वर्षभरात आपण स्वतःच्या पैशाने कोणते मराठी पुस्तक विकत घेतले? उत्तरादाखल एखाद्या भेटप्रतीचे नाव निघते, आणि तीही बहुधा अजून उघडलेली नसते. न चाखता अन्नाला नावे ठेवणाऱ्याला आपण घरात काय म्हणतो, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

मी हे विष्णुपुरीहून लिहीत आहे. नांदेडला लागून गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव आता विद्येचे ठाणे झाले आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनी, येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथेच आहे. अशा ठिकाणी पुस्तकांना तोटा नसावा, आणि तसा तो नाहीच. प्रश्न असा आहे की, ही पुस्तके कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो?

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, आयएसबीएन क्रमांक असलेल्या पुस्तकाला इतके गुण, असा तो हिशेब होता. त्या हिशेबाने आपल्या भागात ग्रंथनिर्मितीचा जो पूर आला, तो गोदावरीला कधी आला नसेल. प्रबंधाचे पुस्तक, चर्चासत्रातील निबंधांचे पुस्तक, क्रमिक पुस्तकावरचे मार्गदर्शक पुस्तक! त्यांतील कित्येक पुस्तकांना लेखक आणि मुद्रितशोधक यांच्याखेरीज तिसरा वाचक लाभलेला नाही. (मुद्रितशोधकाने वाचले असेलच असेही पाने पाहून वाटत नाही.) माझा प्राध्यापकवर्गावर राग नाही. नरहर कुरुंदकर प्राध्यापकच होते, आणि १९८२ साली ते गेल्यानंतर नांदेडला तसा माणूस पुन्हा मिळालेला नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या पुस्तकामागे पगार, पदोन्नती आणि अभ्यासक्रम उभा आहे त्याची काळजी वाहायला व्यवस्था आहे. ज्याच्यामागे यांतले काहीच नाही, ते पुस्तक तुमच्या-माझ्या खिशावर जगते. आणि नेमके तेच विकत घ्यायचे आपण टाळतो.

थोडे गणित मांडू. दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती निघाली, ती सगळी खपली, आणि लेखकाला दहा टक्के मानधन वेळेवर मिळाले असे धरून चालू. या तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकाच्या वाट्याला येणे दुर्मीळच, तरी धरू. लेखकाच्या हाती दहा हजार रुपये पडतात. पुस्तक लिहिण्यात दोन वर्षे गेली असतील, तर महिन्याला चारशे सतरा रुपये होतात. आता त्या पाचशे प्रतींतील शंभर प्रती ओळखीच्या मंडळींनी "एक प्रत पाठवा ना" म्हणून मागून घेतल्या, की राहिले काय? १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न उभा केला, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना अभिमानाने सांगतो. लेखक हाही मजूर आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आता पुस्तकांकडे वळतो. ज्यांना लिहिण्याबद्दल कोणी महिन्याचा पगार देत नाही, अशा लेखकांची निरनिराळ्या जातीची पुस्तके मी येथे सुचवीत आहे. ती तुमच्या घरात यावीत, हा माझा आग्रह आहे.

सर्वांत आधी देविदास सौदागर यांची 'उसवण' ही कादंबरी. सौदागर तुळजापूरचे, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातले. शिवणकाम करून, पहारेकऱ्याची नोकरी करून त्यांनी ती लिहिली, आणि २०२४ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या दुकानांनी गावोगावच्या शिंप्याचे यंत्र कसे थांबवले, कापड मापून घेणाऱ्या हाताला कामच कसे उरले नाही, याची ही कहाणी आहे. पुरस्कार जाहीर होताच सर्वत्र मथळे झळकले: शिंप्याला पुरस्कार, पहारेकऱ्याला पुरस्कार. बातमीदारांनी शिवणयंत्रासह छायाचित्रे छापली. कादंबरीत काय आहे, तिची भाषा कशी आहे, तिने मराठी कादंबरीला कोणती नवी वस्ती दाखवली, हे कितीजणांनी लिहिले? या कौतुकात एक सूक्ष्म अपमान दडलेला आहे. शिंप्याने लिहिले याचे आश्चर्य वाटते, याचा अर्थ शिंप्याला लिहिता येत नसणार असे आपण गृहीत धरून बसलो होतो. 'उसवण' दयाबुद्धीने विकत घेऊ नका. आपल्या आईने, आत्याने, शेजारच्या काकूंनी रात्र रात्र यंत्र चालवून घरे सांभाळली आहेत. ते आयुष्य मराठी कादंबरीत किती वेळा आले आहे हे आठवून पाहा आणि मग घ्या.

नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' याच रांगेतली. सांगली जिल्ह्यातील जत तालुका हा दुष्काळाचा मुलूख, तेथील एका मुलाच्या शिक्षणाची ही झुंज. २०१८ साली या कादंबरीला युवा पुरस्कार मिळाला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत तासिका तत्त्वावरचे शिकवणे थांबले, आणि हा पुरस्कारप्राप्त लेखक गावी परतून मजुरीला गेल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर त्यांना नोकरी देऊ करण्यात आली, हे चांगलेच झाले. पण तोवर सत्कार, हार, शाली, स्मृतिचिन्हे यांचा त्यांच्या घरी केवढा ढीग लागला असेल! शाल पांघरता येते, शिजवता येत नाही. युवा पुरस्काराची रक्कम पन्नास हजार रुपये आहे, आणि तीही आयुष्यात एकदाच मिळणारी. वर्षानुवर्षे लेखकाला जगवायला वाचकच लागतो.

कवितेचे पुस्तक म्हटले की आपल्याकडे लोक दोन पावले मागे सरकतात. त्यांनी कल्पना दुधाळ यांचा 'सिझर कर म्हणतेय माती' हा संग्रह घ्यावा. दौंड तालुक्यात शेतात प्रत्यक्ष राबणारी ही कवयित्री आहे. शेतकरी स्त्रीवर पुष्कळांनी कविता लिहिल्या. येथे ती स्वतःच बोलते, आणि ती काही केवळ रडत नाही.

अवधूत डोंगरे यांच्या 'एका लेखकाचे तीन संदर्भ' या पुस्तकाचा उल्लेख करताना मला थोडी धास्ती वाटते, कारण ते सोपे नाही. डोंगरे रत्नागिरीचे, लेखन आणि अनुवाद हेच त्यांचे काम. २०१४ साली 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' या कादंबरीसाठी त्यांना युवा पुरस्कार लाभला. छापील शब्दावर पोट भरू पाहणारा माणूस आज कसा जगतो, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी ही दोन्ही पुस्तके सावकाश वाचावीत. सगळे समजले नाही तरी चालेल.

हिना कौसर खान या पत्रकार लेखिकेचे 'धर्मरेषा ओलांडताना' हे पुस्तक मात्र मी आपल्या कुटुंबांसाठी मुद्दाम सुचवतो. निरनिराळ्या धर्मांतील जोडीदारांनी केलेल्या विवाहांविषयी त्यांच्या मुलाखती त्यात आहेत. हा विषय आपल्या धर्मग्रामांत कुजबुजीचा आहे. मुलगी कुणाबरोबर दिसली यावर रात्री जेवणाच्या पाटावर बंद दाराआड चर्चा होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे काही ठीक असल्यासारखे वागतात. त्यापेक्षा ज्या माणसांनी हा संसार खरोखर केला, त्यांनाच बोलू द्यावे. त्यांचे सर्व म्हणणे पटलेच पाहिजे असे नाही.

न पटण्याचा विषय निघालाच आहे, तर अनघा लेले यांच्या अनुवादाविषयीही लिहिले पाहिजे. कोबाद गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला, आणि आठवड्याच्या आत शासननिर्णय काढून तो रद्द करण्यात आला. निवड समितीही बरखास्त झाली. आनंद करंदीकर आणि शरद बाविस्कर यांनी निषेध म्हणून स्वतःचे पुरस्कार नाकारले, हे त्यांच्या मोठेपणाला शोभून दिसले. गांधींच्या राजकीय मतांशी मी सहमत नाही. पण परीक्षकांनी दिलेले पारितोषिक एका फटक्यात काढून घेतले जाते तेव्हा अनुवादकाच्या पाठीशी ना संघटना असते ना संस्था, हे त्या आठवड्यात उघड झाले. मूळ लेखकाचे नाव तरी सर्वांच्या तोंडी होते; अनुवाद करणारीचे नाव किती वाचकांना आठवते?

कथा हवी असेल तर अंबाजोगाईच्या बालाजी सुतार यांचा 'दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी' हा संग्रह आहे. नव्वदच्या दशकानंतर गाव कसे आतून पोखरत गेले, हे त्यात ज्या तटस्थपणे येते, त्याने अंगावर काटा उभा राहतो. मुलांसाठी नांदेडच्या सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया' हा बालकवितासंग्रह आहे. त्याला २०२५ साली अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आणि मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट'! ती माझ्या व्याख्येत बसते की नाही याची चौकशी मी करणार नाही, कारण ती आमच्या नदीची आहे. नांदेडच्या गोदावरीत रोज पोहायला जाणारा निवेदक, घाटावर भेटणारी उपेक्षित माणसे, त्यांत सगुणा ही तृतीयपंथी. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावरून जाताना मी हे पाणी पुष्कळदा पाहिले होते. त्याला इतकी माणसे चिकटलेली असतील हे या कादंबरीने दाखवले.

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. "चांगले पुस्तक आपला वाचक आपणच शोधते," असे विद्वान म्हणतात. त्यांना मी विष्णुपुरीला येण्याचे निमंत्रण देतो. येथील शंकर सागर जलाशयात पाणी आहे, पण शेते उंचावर आहेत. म्हणून येथे उपसा सिंचनाचा प्रकल्प उभारावा लागला. पंप बसवून पाणी वर चढवावे लागते. चांगले पाणी आपले शेत आपणच शोधील, असे म्हणून येथे कोणी हातावर हात धरून बसले नाही. तुळजापूरच्या शिंप्याची कादंबरी वसईच्या वा नांदेडच्या घरात आपोआप चढून येणार नाही. कुणीतरी ती मागवली पाहिजे, वाचली पाहिजे, दुसऱ्याला सांगितली पाहिजे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे: "आपल्या समाजाच्या लेखकांचीच पुस्तके आपण घ्यावीत, बाहेरच्यांना त्यांचे लोक आहेत." असा विचार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या विषयी इतरांनी केला असता तर? जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी एक कॅथलिक धर्मगुरू बसले. काही मंडळींनी विरोध केला, पण मराठी साहित्याने त्यांना आपले मानले. २४ वर्षे 'सुवार्ता'चे संपादन केलेले फादर २५ जुलै २०२४ रोजी आपल्याला सोडून गेले. ते ज्या जिल्ह्यात अध्यक्ष झाले, त्याच जिल्ह्यातील सौदागर यांना आपण बाहेरचे म्हणणार आहोत काय? १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले तेव्हापासून मराठी आपली आहे. जिच्यावर हक्क सांगायचा, तिच्या लेखकांचे देणेही द्यावे लागते.

सोय कशी करावी हा प्रश्न राहतो, आणि तो अवघड नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलाला भिंतीवरचे सहावे घड्याळ देण्याऐवजी दोन पुस्तके द्यावीत. धर्मग्रामाच्या सणाला मंडपाच्या रोषणाईतून पाच हजार रुपये बाजूला काढले तर वाचनालयात वीस-पंचवीस नवी पुस्तके येतात. रोषणाई तेवढ्याने फारशी मंद होत नाही. पुस्तके प्रकाशकाकडून थेट मागवावीत, टपालखर्च आपण द्यावा. लेखकाला धर्मग्रामात व्याख्यानाला बोलवायचे असल्यास येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधी ठरवून द्यावे. नारळ आणि शाल नंतर द्यायला हरकत नाही.

वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी काही माझ्याकडे आहेत, हे या भागातील काही वाचकांना ठाऊक आहे. 'उसवण' वाचायला द्या असा निरोप त्यांच्यापैकी दोघांकडून आलाही आहे. त्यांना येथेच उत्तर देतो: प्रत मी विकत घेतलेली आहे आणि ती उसनी मिळणार नाही. दुकानात मिळते.