रात्री फुलणारा गोल निवडुंग
एकिनॉप्सिस ऑक्सिगोना हा दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि ईशान्य अर्जेंटिनाकडचा गोल, उभ्या कंगोऱ्यांचा निवडुंग. पुण्याजवळच्या वाकडमधल्या उंच इमारतींच्या गॅलरीत चार-पाच तास ऊन मिळाले, तर तो कुंडीत सहज नांदतो. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून मिरवणारे झाडही रात्री फुलणारा निवडुंगच, पण त्याचे पान खोचले की भागते; हा बियांपासून वाढवण्यात खरी गंमत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळू आणि चाळलेले कोकोपीट ओले करून त्यावर मोहरीहून बारीक, काळे बी नुसते भुरभुरावे. वर माती लोटू नये, कारण रुजायला उजेड लागतो. कुंडी काचेने झाकावी, पाणी खालच्या ताटलीतून द्यावे. आठ-पंधरा दिवसांत हिरवे मणी दिसू लागतात. रोपे सर्वांत जास्त मरतात ती बुरशीने, म्हणून काच रोज थोडी थोडी सरकवत काढावी. लहान रोपांना भर दुपारचे ऊन नको, पावसाळ्यात झडीपासून आडोसा हवा आणि थंडीत पाणी जवळजवळ बंद. तीन-चार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, कुशीतून लोकरी कळी निघते, वीतभर लांबते आणि संध्याकाळी उमलते. फिकट गुलाबी फूल दुसऱ्या दिवशी उन्हात मिटते.