कॅमेरा उचलण्यापूर्वीं

सुटी संपवून मंडळी प्रवासाहून परतली कीं, छायाचित्रें पाहण्याचा सोहळा घरोघर होतो. देवळें, समुद्र, डोंगर यांच्यामध्यें कोठें भाजीवाली, कोठें हमाल, कोठें मागावर बसलेला विणकर दृष्टीस पडतो. 'वा! काय सुरेख मुद्रा टिपली आहे!' असें कोणी म्हणतो. पण हा मनुष्य कोण, त्याचें नांव काय, असें विचारल्यास घरांतील एकासही उत्तर देतां येत नाहीं. आमच्या संग्रहाचीही हीच अवस्था होती, हें प्रथमच कबूल करतों.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब दापोलीस गेलों होतों. आंजर्ल्याच्या कड्यावरील गणपतीचें दर्शन घेऊन सायंकाळीं हर्णैच्या बंदरावर आलों. होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे तेथें वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. आम्हांस मासळी घ्यावयाची नव्हती. केवळ मौज पाहावयाची होती. एक वृद्ध कोळीण पाटींत मासळी लावीत बसली होती. सांजेचा प्रकाश तिच्या मुखावर पडला होता. आम्हीं विचारल्यावांचून फोन पुढें केला. तिनें तोंडावर पदर ओढला आणि म्हटलें, "दादा, तुमच्या सैपाकघरात शिरून कोणी बाईमाणसाचा असा फोटू काढला, तर चालंल का तुमाला?"

आम्ही अगदीं वरमलों. आपल्या ओटीवर अनोळखी मनुष्य उभा राहिला, तर आपण आधीं 'कोण आपण?' म्हणून विचारतों. आणि परक्याच्या कामाच्या जागेंत मात्र बेधडक शिरतों! तिची क्षमा मागून आम्ही तेथेंच बसलों. घटकाभर बोलणें झाल्यावर तिनें आपण होऊन परवानगी दिली. पण हात धुऊन, केंस सारखे करून, पाटी दूर सारून आणि शेजारीं नातीला बसवून. आम्हांस छायाचित्र पाटीसह हवें होतें, तिला नातीसह हवें होतें. अर्थात् तिचेंच खरें केलें. 'एक प्रत पाठवूं,' असें वचन देऊन नांव व पत्ता लिहून घेतला.

घरीं आल्यावर तें वचन चार महिने तसेंच राहिलें. पुढें एक जुनी हकीकत वाचनांत आली. १९३६ सालीं, मंदीच्या काळांत, डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्त्रीनें कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, एका मातेचें छायाचित्र घेतलें. 'मायग्रंट मदर' या नांवानें तें जगप्रसिद्ध झालें. लँगबाईंच्या त्या छायाचित्रांमुळें तळावरील भुकेल्या मजुरांस अन्नाची मदत पोंचली, हें पुण्य खरेंच. परंतु त्या मातेचें नांव त्यांनीं विचारलें नव्हतें. तें फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन असल्याचें जगास १९७८ सालीं कळलें. त्या वेळीं थॉम्प्सनबाईंची तक्रार होती कीं, प्रत पाठवूं असें सांगितलें होतें, ती कधींच आली नाहीं.

हें वाचलें त्याच दिवशीं आम्हीं छायाचित्र छापून घेतलें व टपालानें हर्णैस रवाना केलें.

तेव्हां वाचकांस, विशेषतः घरांतील तरुण मंडळींस, आमचें एवढेंच सांगणें आहे. आधीं नमस्कार करावा, मग विचारावें. भाषा येत नसल्यास फोन दाखवून खुणेनें विचारावें. नकार मिळाल्यास हंसून पुढें जावें. दुरून भिंग रोखून चोरून छायाचित्र काढूं नये. मूल असल्यास त्याच्या आईबापांस विचारावें. समाजमाध्यमांवर टाकावयाचें असल्यास त्याची निराळी परवानगी घ्यावी. आणि प्रत पाठवूं म्हटलें, तर ती पाठवावी.

आमच्या पत्राचें उत्तर आलें नाहीं, आणि तें येण्याची गरजही नव्हती. मात्र आमच्या संग्रहांत आतां एक तरी छायाचित्र असें आहे कीं, ज्यांतील दोघींचींही नांवें आम्हांस ठाऊक आहेत.