रोल-प्लेमधला ‘हीरो’ इतका खोटा का वाटतो? पुरुष पात्र लिहिताना नेमकं काय चुकतं?

उंच, देखणा, मोजकंच बोलणारा. भूतकाळ काळाकुट्ट, लढाईत कोणालाही हार न जाणारा. मिळून लिहिल्या जाणाऱ्या रोल-प्ले कथांमध्ये हा गृहस्थ हमखास भेटतो. नाव बदलतं, डोळ्यांचा रंग बदलतो, माणूस मात्र तोच. वाचताना तो भारी वाटतो. पण त्याच्यासमोर दुसरं पात्र लिहायला बसलं की थोड्याच वेळात लक्षात येतं, याच्यासोबत करण्यासारखं काहीच नाही.

रोल-प्ले फिक्शन म्हणजे काय?

दोघं किंवा अधिक जण मिळून एकच गोष्ट लिहितात. प्रत्येकाकडे आपापलं पात्र असतं. एकाने चार ओळी लिहायच्या, त्यावर दुसऱ्याने आपल्या पात्राची प्रतिक्रिया लिहायची. या प्रकाराची एक मुळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये आणला. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा शब्दांवर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा संगणकीय खेळ तयार झाला. आज हेच लेखन मोबाइलवरच्या चॅटमध्ये चालतं.

कादंबरीकाराच्या हातात सगळी गोष्ट असते, इथे फक्त आपला वाटा. म्हणून पहिला नियम असा की, दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. ‘त्याने ठोसा मारला आणि समोरचा कोसळला’ असं लिहिणं चूक. ‘त्याने ठोसा उगारला’ इथे थांबायचं. लागला की हुकला, हे समोरचा ठरवेल. हा नियम मोडण्याला खेळणारे ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात.

मग पुरुष पात्रातच अडचण का?

माझ्या मते, कारण आपण ‘मर्दपणा’ची जी व्याख्या उचलतो तीच या नियमाच्या विरोधात जाते. न हरणारा, न घाबरणारा, कोणाची गरज नसलेला पुरुष लिहायचा म्हटलं की तो प्रत्येक ठोसा चुकवणार, प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवणार. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर या यंत्राला आउटपुट आहे, इनपुटच नाही. समोरच्याने काहीही लिहिलं तरी त्याच्यात फरक पडत नाही.

सर्वगुणसंपन्न पात्रांची थट्टा जुनीच आहे. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या कथांवर विडंबन लिहिलं आणि त्यातली ‘मेरी सू’ अशा पात्रांचं सामान्यनाम झाली. तिचा पुरुष अवतार म्हणजे ‘गॅरी स्टू’. मात्र मुलीचं पात्र जरा जास्त हुशार झालं की लगेच बोट दाखवलं जातं. पुरुष पात्राचं अजिंक्य असणं ‘हीरो आहे ना’ म्हणून खपून जातं.

खरा पुरुष कसा दिसतो?

विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर आठवा. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेला हा माणूस घरातल्या बाईला स्वतःच्या अटी सुनावतो, आपण कोणाला बांधील नाही अशी फुशारकी मारतो. पण लक्ष्मीच्या सहवासात तोच पूजाअर्चेकडे वळतो आणि चंपा आल्यावर त्याची घडी पुन्हा विस्कटते. तो चांगला माणूस नाही, पण तो खरा वाटतो, कारण समोरची व्यक्ती बदलली की तो बदलतो. टॉल्किनचा बोरोमिरही तसाच. शूर योद्धा, पण अंगठीच्या मोहात पडतो, आणि मरताना चूक कबूल करतो.

संवाद कसा लिहायचा?

समजा, विक्रम नावाच्या पात्राचे वडील दवाखान्यात आहेत. पहिली पद्धत: ‘विक्रमच्या डोळ्यांत वादळ होतं. तो काहीच बोलला नाही.’ यावर समोरच्याने लिहायचं काय?

दुसरी पद्धत: ‘विक्रमने रिपोर्टची घडी करून खिशात कोंबली. “चहा घेणार?” त्याने विचारलं. कप पुढे करताना त्याची नजर कपावरच होती.’ विक्रम इथेही मनातलं बोललेला नाही. पण आता समोरच्याला रिपोर्टबद्दल विचारता येतं, चहा नाकारता येतो, किंवा मुकाट्याने शेजारी बसता येतं.

होस्टेलच्या चार वर्षांत ‘मला वाईट वाटतंय’ हे वाक्य मी क्वचितच ऐकलं. एखाद्याला केटी लागली की बाकीचे त्याला टपरीवर न्यायचे, निकाल सोडून सगळ्या विषयांवर बोलायचे आणि पैसे त्याला देऊ द्यायचे नाहीत. काळजी होती, फक्त ती वेगळ्या वाटेने यायची. अशा वाटा टिपल्या की पात्र उभं राहतं. त्याउलट, समुपदेशकासारखं स्वतःचं मन उलगडून सांगणारा पुरुषही तितकाच पुठ्ठ्याचा वाटतो. रडवलं म्हणजे पात्र खोल झालं, असं नाही.

‘हा तर खेळ आहे, मग एवढं काय?’

हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दिवसभर साहेबांची बोलणी खाल्लेल्या माणसाला रात्री ड्रॅगन मारावासा वाटला तर मारू द्यावा. पण समोर दुसरा माणूस आहे; त्यानेही आपला वेळ दिलेला आहे. तुमचा नायक कायम जिंकणार असेल, तर त्याला तुम्ही सहलेखक म्हणून नव्हे, टाळ्या वाजवायला बोलावलेलं असतं.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. प्रेमकथांमध्ये संशय घेणारा, मनगट धरून थांबवणारा, ‘तू फक्त माझी’ म्हणणारा पुरुष सर्रास ‘पॅशनेट’ म्हणून लिहिला जातो. असं पात्र लिहायला हरकत नाही. सखारामही हिंसकच आहे. पण त्या वागण्याची किंमत गोष्टीत दिसायला हवी, आणि समोरच्याची तशा प्रसंगाला तयारी आहे का, हे आधी विचारायला हवं. टेबलावर खेळणारे यासाठी सुरुवातीलाच ‘सेशन झीरो’ घेतात आणि काय चालेल, काय नाही, ते बोलून ठरवतात. चॅटवर लिहिणाऱ्यांनीही ही पाच मिनिटं द्यावीत.

पुरुषच पुरुष चांगला लिहू शकतो, हेही मला पटत नाही. अनेक मुलगे स्वतःला सोडून पोस्टरवरचा नायक लिहितात, आणि भावाला, वडिलांना रोज पाहणारी मुलगी तो नेमका पकडते. प्रश्न निरीक्षणाचा आहे. त्यामुळे पुढचं पात्र बनवताना तलवारीची लांबी नंतर ठरवा. आधी तीन गोष्टी लिहा: त्याला कोणाची गरज आहे, तो कशाबद्दल बोलणं टाळतो आणि कोणासमोर हरायला तो तयार आहे. तिसऱ्याचं उत्तर ‘कोणासमोरच नाही’ असेल, तर ती गोष्ट एकट्यानेच लिहिलेली बरी.