दोन भावांची एक चोरी

इंधन महागले की इंधनाची चोरी वाढते, असा समज सर्वत्र रूढ आहे. आमच्या मते ते अर्धसत्य होय. केवळ महागाईने माणूस चोर होत नाही. होत असता, तर पेडण्यातील प्रत्येक मोटारसायकल पायलट आणि डिचोलीतील प्रत्येक ट्रकचालक आज तुरुंगात दिसला असता. चोरीला खतपाणी मिळते ते एकाच जिनसेच्या दोन भावांतून.

२०१२ साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ माफ केला. पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले आणि शेजारच्या महाराष्ट्रातील वाहने आपल्या पंपांकडे वळली. टाकी भरून नेणाऱ्या शेजाऱ्याला चोर कोण म्हणेल? परंतु टाकीची जागा पिंपांनी घेतली की तो व्यापार ठरतो. परवान्याविना ३० लिटरांहून अधिक पेट्रोल साठविण्यास कायद्याची मनाई आहे, ती उगीच नव्हे.

भावातील ही तफावत किती जीवघेणी ठरते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. गरिबांसाठीचे स्वस्त रॉकेल महाग डिझेलमध्ये मिसळणाऱ्या टोळ्यांना आवर घालू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडनजीक जिवंत जाळण्यात आले. पुढे २०१६ पासून रॉकेलचा भाव हळूहळू वाढवीत सरकारने २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपविले. भेसळीतला नफा आटला खरा. पण त्याचे मोल गरिबाच्या चुलीने मोजले. चोर पकडता येत नाही म्हणून गरिबाची सवलत काढून घेणे, हा काही राज्यकारभार नव्हे.

२०१७ साली वस्तू व सेवा कर आला. पेट्रोल व डिझेल मात्र त्याबाहेरच राहिले. तेव्हा पत्रादेवी आणि दोडामार्ग येथील करांचा फरक दोन्ही राज्यांनी बसून कमी करावा, आणि तोवर नाक्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा.

आणि आपणही स्वतःस एक प्रश्न विचारावा. ट्रकाच्या टाकीतून काढलेले डिझेल विकत घेतो कोण? पंपापेक्षा चार रुपये कमी पडतात म्हणून डोळे मिटणारा आपल्यातलाच कोणी तरी. पंपावर पाच लिटरचे माप मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे; तो बजावणारे थोडे, स्वस्त चोरीचा माल घेणारे पुष्कळ. १९५५ साली पत्रादेवीला सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या ही सीमा मिटावी म्हणून. तिच्यावर काळा धंदा चालावा म्हणून खचित नव्हे.